बदललेल्या वेळेची सूचना



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "वेळ कशी बदलावी." चिटणीस जरा गंभीर झाले. त्यांना वाटले, हा युनियनवाला आता क्रांतीवर बोलणार. मी म्हटले, "तसे मोठे काही नाही. सायंकाळी सहाची सभा साडेसहाला कशी न्यावी, एवढेच सांगणार आहे." तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "त्यात सांगण्यासारखे काय आहे? खोडायचे आणि लिहायचे!"

खोडायचे आणि लिहायचे, हीच समजूत घेऊन पुष्कळ माणसे आज संगणकासमोर बसली आहेत, आणि त्यापायी काय होते ते मी जवळून पाहिले आहे. म्हणून हा विषय घेतला.

आधी माझ्याविषयी दोन शब्द. मी इंजिनियर नव्हे. नववीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण झाले ते रात्रपाळीत, युनियनच्या कचेरीत आणि रद्दीच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकांत. तेव्हा माझ्या बोलण्यात पंडिताची सफाई सापडणार नाही. पण ज्या गोष्टीने माणसाची मजुरी कापली जाते ती गोष्ट मुळापासून समजून घ्यायची, ही मला लागलेली खोड आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातल्या एका कारखान्यात पहिली पाळी सकाळी सात ते दुपारी साडेतीन अशी होती. मध्ये जेवणाची अर्धा तास सुटी. पूर्वी पाळ्यांचे वेळापत्रक फाटकाजवळच्या फळ्यावर लागे. पुढे फळा गेला आणि वेळापत्रक मोबाईलवर दिसू लागले. एका सोमवारी ठेक्यावरचे तीसएक कामगार नेहमीप्रमाणे पावणेसातला फाटकाशी आले, तो पाळी साडेसहालाच सुरू झालेली! उशिरा आले म्हणून प्रत्येकाला अर्ध्या दिवसाचा खाडा लागला. साहेब म्हणाले, "बदल शुक्रवारीच कॅलेंडरमध्ये केला आहे." कामगार म्हणाले, "आम्हाला काहीच आले नाही." मला वाटले, दोघांपैकी कोणीतरी खोटे बोलत आहे. चौकशीअंती कळले की कोणीच खोटे बोलत नव्हते. ज्या तरुण इंजिनियरने तो प्रोग्राम लिहिला होता, तो मनाचा सरळ होता. त्याने मला शेजारी बसवून घेतले आणि काय झाले ते पडद्यावर दाखवले. आज जे मांडणार आहे त्याचे मूळ त्या दिवशीच्या दोन तासांत आहे.

आपल्या घरोघरी भिंतीवर कालनिर्णय असते. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ साली सुरू केले आणि मराठी माणसाच्या स्वयंपाकघरापर्यंत नेले. त्यात दूधवाल्याचा खाडाही आपण पेन्सिलीने मांडतो. पण ते कॅलेंडर ज्याचे त्याच्या भिंतीवर असते. माझ्या भिंतीवरची खूण तुमच्या भिंतीवर उमटत नाही. ऑनलाइन कॅलेंडराची गोष्ट वेगळी आहे. तेथे प्रत्येक कार्यक्रमाची एकच नोंद दूरच्या एका मोठ्या संगणकात ठेवलेली असते, आणि आपल्या मोबाईलवर दिसते ती त्या नोंदीची प्रतिमा. गूगलचे असे कॅलेंडर २००६ साली निघाले. अशा नोंदी कशा लिहाव्यात याचा सर्वांना समान असा जागतिक नमुना त्याच्याही आधी, १९९८ साली ठरला आणि २००९ साली सुधारला गेला. म्हणून एका कंपनीच्या कॅलेंडरातले आमंत्रण दुसऱ्या कंपनीच्या कॅलेंडरात उघडते.

नोंद म्हणजे एक भरलेला फॉर्म समजा. त्यात कार्यक्रमाचे नाव, स्थळ, आरंभाची वेळ, समाप्तीची वेळ, कोणत्या गावाच्या घड्याळाने ती मोजायची, बोलावलेल्यांची यादी, आणि या सर्वांपेक्षा महत्त्वाचा असा नोंदीचा क्रमांक असतो. हा फॉर्म दोन प्रकारे बदलता येतो. एक म्हणजे माणसाने मोबाईल उघडून बोटाने बदलायचा. दुसरा म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामला सांगून बदलायचा. या दुसऱ्या मार्गाला एपीआय म्हणतात. तहसील कचेरीत आपण आत जाऊन दप्तर उघडत नाही. खिडकीशी उभे राहतो, ठरलेल्या नमुन्यात अर्ज देतो, आणि आतला कारकून दप्तरात नोंद करून उत्तर देतो. एपीआय ही तशी खिडकी आहे. फरक इतकाच की येथे अर्ज देणारा प्रोग्राम असतो, घेणाराही प्रोग्राम असतो, आणि हजार अर्ज एका चहाच्या वेळात निकाली निघतात.

या खिडकीवर तोंडओळख चालत नाही, परवाना लागतो. कॅलेंडराच्या मालकाने संमती दिली तर प्रोग्रामला हा परवाना मिळतो, आणि त्यात काय करता येईल तेही ठरलेले असते. कोणाला फक्त एवढे दिसते की अमुक वेळ रिकामी आहे की भरलेली. कोणाला नोंद वाचता येते, कोणाला बदलता येते, आणि कोणाला सर्व मालकी असते. वाचण्याचा परवाना घेऊन बदलायला गेलात तर खिडकी नकार देते. येथपर्यंत सर्व ठीक आहे. गोंधळ सुरू होतो तो यापुढे, प्रत्यक्ष वेळ बदलताना.

पहिली गोष्ट नोंदीच्या क्रमांकाची. वेळ बदलायची तर पुष्कळ जण जुनी नोंद पुसतात आणि नव्या वेळेची नवी नोंद घालतात. वरवर पाहता दोन्हींचा परिणाम एकच दिसतो. पण जुन्या नोंदीला पन्नास लोकांनी "येतो" म्हणून कळवले असेल, कोणी तिच्यावर आठवण लावली असेल, ते सर्व नोंदीबरोबर जाते. कामगार बंधूंना हे चटकन समजेल. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात बदली झाली तर माणसाची नोकरी सलग राहते. त्यालाच आज काढून उद्या नव्याने भरती केले, तर काम तेच आणि यंत्र तेच, पण मागची वर्षे गेली! म्हणून नियम असा की जुन्या क्रमांकाचीच नोंद काढायची आणि तिच्यातली वेळ बदलायची. क्रमांक तोच राहिला की जगाला कळते, हा तोच कार्यक्रम आहे, फक्त त्याची वेळ पुढे गेली.

दुसरी गोष्ट खुद्द वेळेची. खिडकीवर "उद्या संध्याकाळी साडेसहा" असे लिहून चालत नाही. आधी साल, मग महिना, मग दिवस, त्यानंतर टी हे एक अक्षर, मग चोवीस तासांच्या हिशेबाने तास, मिनिटे, सेकंद, आणि शेवटी +०५:३० असा एक आकडा. हा शेवटचा आकडा म्हणजे जागतिक मध्यवर्ती वेळेच्या आपण साडेपाच तास पुढे आहोत याची खूण. तो वगळला आणि गावही सांगितले नाही, तर साडेसहा कोठले, हे यंत्राला कळणार कसे?

तुम्ही म्हणाल, खुलताबादचे साडेसहा म्हणजे साडेसहा, त्यात कोठले काय? पण आपले घड्याळ खुलताबादच्या सूर्याचे मुळीच नाही. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून मोजतात. ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. आपले गाव तिच्या सुमारे सव्वासात अंश पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली तर आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे एकोणतीस मिनिटे मागे पडतो. सरासरीने पाहिले तर भद्रा मारुतीच्या देवळावर सूर्य माथ्यावर येतो तेव्हा आपल्या मनगटावर साडेबारा वाजत आलेले असतात. आपण सर्वांनी मिळून एक घड्याळ मान्य केले आहे, एवढाच याचा अर्थ.

आणि ते मान्य होणे सोपे नव्हते. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईची स्वतःची वेळ होती, ती या नव्या वेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे होती. गिरणीचे घड्याळ नव्या वेळेवर लावले, की भोंगा जुन्याच आकड्यावर वाजला तरी कामगाराला एकोणचाळीस मिनिटे आधी हजर व्हावे लागे. आकडा तोच, पण वेळ बदललेली! ५ जानेवारी १९०६ रोजी जेकब ससून गिरणीतल्या कामगारांनी कामावर जाण्यास नकार दिला आणि दगडफेक झाली. पुढे शहरातल्या पांढरपेशांनीही सह्यांचे अर्ज केले. मुंबईत जुनी वेळ त्यानंतरही पाळली जात होती, आणि ती पुरती गेली १९५५ साली. त्या गिरणी कामगारांना अडाणी म्हणून हसणारे लोक मी पाहिले आहेत. पण त्या कामगारांचा प्रश्न सरळ होता. आमच्या पहाटेची एकोणचाळीस मिनिटे कोणी घेतली, आणि आम्हाला विचारले कोणी?

हीच गोष्ट आपल्या मराठवाड्याने तारखांच्या बाबतीत अनुभवली आहे. १९४८ पर्यंत आपण निजामी राज्यात होतो. तेथील सरकारी दप्तर फसली सालाने चाले. आजही जमिनीचा जुना कागद निघाला, तर त्यावरचे फसली साल वाचून त्यात ५९० मिळवावे लागतात, तेव्हा इंग्रजी साल सापडते. सरहद्दीपलीकडच्या मुंबई इलाख्यातल्या व्यापाऱ्याशी करार करायचा तर दोन्ही साली लिहिणे शहाणपणाचे होते. यंत्राला +०५:३० लिहून देणे हा त्याच शहाणपणाचा आजचा अवतार आहे.

पण नुसता आकडाही नेहमी पुरत नाही. समजा, आपल्या गावचा एक मुलगा लंडनला नोकरी करतो आणि दर गुरुवारी सायंकाळी साडेसहाचा आपला अभ्यासवर्ग मोबाईलवरून ऐकतो. फेब्रुवारीत त्याच्या घड्याळात तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी विलायतेत घड्याळे एक तास पुढे करतात. एप्रिलमध्ये आपल्या साडेसहाला त्याच्याकडे दोन वाजतात. त्याने आपल्या कॅलेंडरात "दर गुरुवारी लंडनचा एक" अशी नोंद केली असेल, तर एप्रिलमध्ये तो तासभर आधी येऊन बसेल आणि म्हणेल, वक्ते आलेच नाहीत! म्हणून वारंवार होणाऱ्या कार्यक्रमाला खिडकीवर आकड्याबरोबर घड्याळाच्या गावाचे नावही द्यावेच लागते. आपल्यासाठी ते नाव आहे "एशिया/कोलकाता". खुलताबादच्या सभेला कोलकात्याचे नाव पाहून चमकू नका. साऱ्या देशाला एकच घड्याळ असल्याने नावही एकच घेतले आहे. आकडा आजचा असतो, नावामागे मात्र त्या घड्याळाचा सारा इतिहास नोंदलेला असतो. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत आपली घड्याळे एक तास पुढे केलेली होती, हे आज आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, पण त्या नावामागच्या कोष्टकात ते आहे.

तिसरी गोष्ट आरंभ आणि समाप्ती यांची. या दोन वेळा वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. फक्त आरंभ बदलला तर समाप्ती आपोआप सरकत नाही. सहा ते सातच्या सभेचा आरंभ साडेसातला नेला आणि समाप्ती तशीच ठेवली, तर सभा सुरू होण्याआधी संपते! अशा वेळी खिडकी अर्ज परत करते. पण आरंभ मागे आणला तर यंत्राला त्यात काहीच वावगे दिसत नाही, कार्यक्रम नुसता लांबतो. त्या कारखान्यात नेमके हेच झाले होते. सातचे साडेसहा केले, साडेतीनचे तीन करायचे राहून गेले. त्यामुळे जे वेळेवर आले होते त्यांच्याकडूनही तीन दिवस अर्धा तास जादा काम घेतले गेले. कोणी ठरवून केले नव्हते, पण घामाचा हिशेब इराद्यावर चालत नाही. वेळ बदलणाऱ्याने आरंभ आणि समाप्ती एकाच अर्जात द्यावी आणि मधली लांबी पूर्वीइतकीच आहे ना, हे वजाबाकी करून पाहावे.

चौथी गोष्ट त्या तीस माणसांची. खिडकीवर बदलाचे दोन अर्ज मिळतात. एकाला अपडेट म्हणतात. त्यात सारा फॉर्म नव्याने भरून द्यायचा, आणि जुन्याच्या जागी तो संपूर्ण बसतो. जे लिहायचे राहिले ते गेले. दुसऱ्याला पॅच म्हणतात, म्हणजे ठिगळ. त्यात जेवढे रकाने दिले तेवढेच बदलतात, बाकीचे जसेच्या तसे राहतात. वेळ बदलण्यासाठी ठिगळ सोयीचे. पण त्यातही एक खाच आहे. बोलावलेल्यांची यादी हा एकच रकाना धरला जातो. यादी पाठवलीच नाही तर जुनी राहते. पाठवली तर पाठवली तेवढीच राहते. जुन्या यादीत नव्या नावांची भर पडत नाही, जुनी यादी जाऊन नवी बसते. त्या प्रोग्रामने वेळेबरोबर यादीही पाठवली होती, आणि ती घेतली होती कायम कामगारांच्या हजेरीपटावरून. ठेक्यावरची तीस नावे दुसऱ्या पटावर होती. ती गळाली. त्यांच्या मोबाईलवर सात वाजताची पाळी दिसत नव्हती आणि साडेसहाचीही दिसत नव्हती. नोंदच नाहीशी झाली होती. ते बिचारे सवयीने आले.

मी त्या इंजिनियरला म्हटले, "तुमच्या यंत्राने काही नवे केलेले नाही. ठेक्यावरच्या माणसाचे नाव यादीत नसणे ही फार जुनी गोष्ट आहे. यंत्राने ती फक्त जलद केली." तो काही बोलला नाही, पण त्याने मान हलवली.

पाचवी गोष्ट दोन हातांची. आपल्या व्याख्यानमालेत एक चिटणीस आणि एक सहचिटणीस आहेत. समजा, चिटणीसांनी सभेची नोंद उघडून वाचली. तेवढ्यात सहचिटणीसांनी सभागृह बदलले. चिटणीसांना त्याचा पत्ता नाही. त्यांनी आपल्याकडच्या जुन्या प्रतीत वेळ बदलून सारा फॉर्म पाठवून दिला. वेळ नवी झाली, पण सभागृह पुन्हा जुने! यावर उपाय असा आहे की नोंद प्रत्येक वेळी बदलली की तिच्यावर एक नवी खूण बसते. तिला इटॅग म्हणतात. बदल पाठवताना आपण सांगायचे, "मी अमुक खुणेची प्रत वाचली आहे. तीच खूण अजून असेल तरच बदल करा." मध्ये कोणी हात लावला असेल तर खिडकी ४१२ हा आकडा उत्तरादाखल देते, म्हणजे "तुमची प्रत शिळी झाली, पुन्हा वाचून या." युनियनच्या सभेत मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केल्याशिवाय नवा ठराव घेत नाहीत. त्याचे कारण याहून वेगळे नाही. जो जुनी माहिती घेऊन ठराव मांडतो, तो दुसऱ्याचे काम नकळत पुसतो.

सहावी गोष्ट फिरून फिरून येणाऱ्या कार्यक्रमांची. कॅलेंडरात "दर गुरुवारी" असा एकच नियम लिहितात आणि त्यातून पुढचे सारे गुरुवार निघतात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि त्यांच्या खटपटीने १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळू लागली. यंत्राच्या भाषेत बोलायचे तर लोखंड्यांनी "दर रविवारी" हा नियम कामगारांच्या कॅलेंडरात लिहवून घेतला. एक रविवार मागणे वेगळे आणि रविवारचा नियम मिळवणे वेगळे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

असा नियम बदलताना तीन प्रश्न येतात. फक्त येत्या गुरुवारची वेळ बदलायची? पहिल्यापासून सगळ्या गुरुवारांची? की या गुरुवारपासून पुढच्या सर्वांची? पहिल्या प्रकारात त्या एका दिवसाची नोंद अपवाद म्हणून वेगळी निघते. ती मूळ मालिकेचा क्रमांक आणि आपली मूळ वेळ लक्षात ठेवते. दुसऱ्या प्रकारात मूळ नियमच बदलतो, आणि होऊन गेलेले गुरुवारही नव्या वेळेचे दिसू लागतात. हजेरीचा वाद असेल तर ही मोठी घातक गोष्ट आहे, कारण मागचा पुरावाच बदलतो! तिसरा प्रकार सर्वांत जास्त लागतो, पण खिडकीवर त्याला एक अर्ज पुरत नाही. जुनी मालिका ठरावीक दिवशी संपवायची आणि तेथून नव्या वेळेची नवी मालिका सुरू करायची, असे दोन अर्ज करावे लागतात. पुढे एखाद्या गुरुवारी पूर्वीच काही फेरफार केलेला असेल तर तो यात नाहीसा होतो. तो आठवणीने पुन्हा घालावा लागतो.

वेरूळला पर्यटक घेऊन जाणाऱ्या आपल्या गाईड मंडळींना या नियमाचा मोठा उपयोग आहे. लेणी मंगळवारी बंद असतात. "दर मंगळवारी बंद" एवढे एकदा लिहिले की झाले. पण आपल्याच गावातल्या दोन मोठ्या गर्दीच्या दिवसांना हा नियम लागू पडत नाही. हनुमान जयंती चैत्री पौर्णिमेला येते आणि उरूस हिजरी महिन्यावर. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने उरूस दरवर्षी अलीकडे सरकतो. "दरवर्षी याच तारखेला" असा नियम यंत्राला दिला तर पुढच्या वर्षी भाविक एकीकडे आणि एसटीच्या जादा गाड्या दुसरीकडे, असे होईल. अशा दिवशी जाणत्या माणसाला विचारून तारीख हातानेच घालावी. यंत्राला जे ठाऊक नाही ते त्याच्यावर सोपवू नये.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत मोठी. वेळ बदलली हे कळवायचे कोणाला? खिडकीवर यासाठी एक स्वतंत्र रकाना आहे आणि त्यात तीन पर्याय आहेत. बोलावलेल्या सर्वांना कळवा. फक्त या कॅलेंडराबाहेरच्या पाहुण्यांना कळवा. किंवा कोणालाच कळवू नका. नोंद बदलणे हे एक काम आणि लोकांना सांगणे हे दुसरे काम, हे त्या यंत्राने प्रामाणिकपणे कबूल केले आहे. माणसे मात्र ही दोन कामे एकच समजतात. त्या कारखान्यात तिसरा पर्याय लावलेला होता. "सारखे ईमेल गेले तर लोक वैतागतात," असे मला सांगण्यात आले. कायम कामगारांपैकी ज्यांनी रविवारी सहज मोबाईल उघडून पाहिला, तेवढेच वेळेवर आले.

आपल्या जुन्या कायद्यांना हा भेद पुरता ठाऊक होता. १९४८ च्या कारखाने कायद्यात कामाच्या वेळांची सूचना लावण्याची सक्ती होती. ती बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही असावी आणि मुख्य दारापाशी सहज दिसेल अशा जागी असावी, इतके बारकाईने तेथे लिहिलेले होते. १९५६ साली औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ आले. कामाच्या तासांसारख्या सेवाशर्तींत बदल करायचा तर मालकाने आधी नोटीस द्यावी आणि एकवीस दिवस थांबावे, असे त्यात ठरले. पुढे २०२० साली औद्योगिक संबंध संहिता झाली, तिनेही या बाबतीत एकवीस दिवसांचीच मुदत ठेवली. एकवीस दिवस कशाला, असे मालक विचारतात. यंत्र एका सेकंदात बदल करते हे खरे. पण ज्या बाईला सकाळी अर्धा तास आधी निघायचे आहे, तिला मुलाला शेजारणीकडे ठेवण्याची व्यवस्था करावी लागते, एसटीची आधीची गाडी आहे का ते पाहावे लागते, पाणी भरण्याची वेळ बदलावी लागते. तिचे हे कॅलेंडर कोणत्याही संगणकात नाही. ते बदलायला दिवसच लागतात. कायद्याने ती मुदत त्या बाईसाठी ठेवली आहे.

त्या कारखान्यातल्या वादाचा शेवट काय झाला, हे सांगतो. आम्ही मोर्चा काढला नाही. नोंदीत केव्हा आणि कोणाच्या परवान्याने बदल झाला, ते पडद्यावर होते. तो कागद छापून घेतला आणि चर्चेला बसलो. खाडे रद्द झाले, जादा अर्ध्या तासांचे पैसे मिळाले, आणि पाळी पुन्हा सातची झाली. त्याशिवाय काही अटी लेखी ठरल्या. आरंभ आणि समाप्ती एकाच वेळी बदलायची. यादी दोन्ही हजेरीपटांवरून घ्यायची. होऊन गेलेल्या दिवसांच्या नोंदींना हात लावायचा नाही. "सर्वांना कळवा" हाच पर्याय ठेवायचा. आणि मोबाईलवर काहीही येवो, फाटकाजवळचा फळा पुन्हा टांगायचा. शेवटची अट ऐकून साहेब हसले. म्हणाले, "एवढी यंत्रे असताना खडू कशाला?" मी म्हटले, "साहेब, फळ्याला चार्जिंग लागत नाही, आणि यादीत नाव नसलेल्या माणसालाही तो वाचता येतो."

मी यंत्राच्या विरुद्ध नाही. सातवीआठवीतल्या मुलांनी ही खिडकी कशी वापरायची ते शिकावे, अशी माझी इच्छा आहे. गावातल्या वाचनालयाच्या सभा, महिला मंडळाच्या बैठका, दवाखान्यातल्या तपासणीचे दिवस हे सर्व त्यातून सुरळीत चालेल. माझे म्हणणे एवढेच आहे की चार लोकांत ठरलेली वेळ हा आपण एकमेकांना दिलेला शब्द असतो. तो बदलण्याचा हक्क कोणाला, बदल कोठून लागू, आणि तो कोणाकोणाला सांगितला, या प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येतात त्याने खुशाल वेळ बदलावी. ज्याला देता येत नाहीत त्याने आधी विचारावे.

आता आजच्या सभेचेच पाहा. छापलेल्या पत्रिकेत वेळ सहाची होती. उन्हाचा तडाखा पाहून चिटणीसांनी ती साडेसहा केली. त्यांनी नोंद बदलली, समाप्तीही अर्धा तास पुढे नेली, सर्वांना संदेश पाठवला. हे सर्व त्यांनी बरोबर केले. तरीही मी सव्वासहाला आलो तेव्हा पहिल्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ बसलेले होते. त्यांच्याकडे साधा फोन आहे आणि छापील पत्रिका खिशात होती. ते सहापासून बसून होते. मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "असू द्या, वारा बरा होता." हा त्यांचा मोठेपणा. पण चिटणीसांना माझी विनंती आहे की पुढच्या खेपेला बसस्टँडच्या फळ्यावर दोन ओळी खडूने लिहाव्यात.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.